आमची वाटचाल: औषधाआधी थर्मामीटर

भिगवण, इंदापूर, करमाळा या पट्ट्यात, उजनी धरणाच्या बॅकवॉटरला आणि आसपासच्या शेततळ्यांना आम्ही मत्स्यखाद्य पुरवायचो. मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मत्स्यपिल्लं, विकायला लागलो. प्रयोगशाळा मात्र ग्राहकांमुळेच काढावी लागली. मार्च संपत आला की फोन सुरू व्हायचे, "दादा, मासा वर आलाय, औषध पाठवा." औषधात नफा चांगला होता. पण थंडीत ठणठणीत असलेलं तळं एप्रिलमध्येच का बसतं, हे कळल्याशिवाय बाटली हातात ठेवणं आम्हाला पटेना.

फ्लॅवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा जिवाणू गोड्या पाण्यात सगळीकडेच असतो आणि गार पाण्यात सहसा गप्प राहतो. पाणी 25 अंशांच्या वर गेलं की तो कल्ल्यांना घट्ट चिकटतो, ऊती विरघळवणारं विकर (एन्झाइम) ही जास्त सोडतो. तो नुसता संख्येनं वाढत नाही, जहाल होतो. त्यातच माशाचा श्वास कोंडतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात.

आजारी माशाच्या कल्ल्याचं झाकण उचललं की लालभडक दिसायला हवी ती कड पिवळट, कुजकी दिसते. ती खरवडून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि थोडं थांबायचं. लांब, बारीक, सरपटणारे जिवाणू एकत्र येऊन कडब्याच्या गंजीसारखे ढीग रचतात. शेतकऱ्याला आम्ही हे सूक्ष्मदर्शकातून स्वतः बघायला लावतो. त्यानंतर तो औषधाचं नाव विचारायच्या आधी पाणी किती तापलंय ते विचारतो, हा आमचा अनुभव आहे.

चिलापीचं (तिलापिया माशाचं) दुखणं वेगळं. पाणी तिशीला टेकलं की स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए हा जिवाणू डोकं वर काढतो. डोळे बाहेर येतात, मासा गरगरत राहतो. (ट्राउटचं अगदी उलट: त्याला छळणारा फ्लॅवोबॅक्टेरियम सायक्रोफिलम थंड पाण्यातच जोर धरतो.) जिवाणू बदलला की इलाज बदलतो, म्हणून तपासणीशिवाय अँटिबायोटिक आमच्याकडे मिळत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. आमचा निर्णय तोच आहे.

आता खाद्यासोबत थर्मामीटर देतो. दुपारी तीनला वरचं आणि तळाचं तापमान वहीत लिहायचं. वर 30 दिसलं की खाद्य कमी, जाळं मारणं बंद, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू. एप्रिल-मेमध्ये बोटुकलीची ऑर्डर आम्ही घेतच नाही. प्रवासात खरचटलेलं पिल्लू तापलेल्या पाण्यात सोडणं म्हणजे रोगाला आवतण.

धरणात पिंजऱ्यांमध्ये मासे वाढवायचं काम अजून अवघड आहे. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे साठा उपयुक्त पातळीच्या खाली उतरला, की काठाजवळच्या पिंजऱ्यांखाली पाणीच उरत नाही, आणि उथळ पाणी लवकर तापतं. म्हणून पिंजरेवाल्यांना सध्या आम्ही एकच सांगतोय: पाणी उतरायला लागलं की तापमान चढायची वाट न बघता पिंजरे खोल पाण्यात ओढा, आणि तेही पहाटे.