उजवी पाकळी पडल्यानंतर

गोव्यातल्या देवळात प्रसाद लावायला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घ्यायला, येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा निर्णय मनात झालेलाच असतो, फक्त पाय उचलत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा ही दैवते १६व्या शतकात केळशी, कुठ्ठाळी, वेर्ण्याहून अंत्रूजात (आजच्या फोंडा भागात) आणली, ती पोर्तुगिजांच्या धाकाने जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांनीच. देवाने स्वतःला त्यांच्याच हाती सोपवले.

प्रश्न मात्र घरूनच नीट ठरवून न्यावा. ‘माझे बरे होईल का?’ याला पाकळी काय सांगणार? ‘वाटणीचा दावा पावसाळ्याआधी तडजोडीने मिटवू का?’ असा, हो-नाहीत उत्तर येणारा एकच प्रश्न हवा. ‘जमीन विकून मुलीचे लग्न उरकू का?’ हे दोन प्रश्न झाले. कौल कशाला मिळाला ते कळत नाही, मग घरी भांडण. भटजी गाऱ्हाणे घालून अडचण देवापुढे मांडतात आणि पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतात. सर्वसाधारणपणे उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पाकळ्या किती, कुठे लावायच्या, ही प्रत्येक देवळाची आपापली रीत. ती आधी विचारून घ्यावी. पाकळी कधी पटकन पडते, कधी ताटकळत ठेवते, तेव्हा घाईच्या दिवशी जाऊ नये. पाणी सुकले की पाकळी सुटणारच, हे भटजींनाही ठाऊक असते. म्हणून तर प्रश्नाला एवढे महत्त्व. आजारपणात डॉक्टरांनी तातडी सांगितली असेल तर प्रसादासाठी थांबूच नये.

खरा घोळ होतो तो नंतर. उजवी पडली की लोक निर्धास्त होऊन घरी बसतात: आता देव बघून घेईल! गीतेतला देव असे काही करत नाही. पहिल्या अध्यायाच्या शेवटी (१.४७) अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. त्याआधी तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून गांडीव निसटतेय, सगळे झालेले. कृष्ण त्याला दोन शब्द सुनावतो, पण रथातून उतरत नाही आणि ते धनुष्य स्वतः उचलतही नाही. सगळे सांगून झाल्यावर १८.६३ मध्ये म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसे कर. थरथरणाऱ्या माणसावर एवढा भरवसा! मला तरी संपूर्ण गीतेत याहून मोठा दिलासा दिसत नाही.

तेव्हा उजवी पडली असेल तर वकिलाला त्याच आठवड्यात फोन करावा. डावी पडली तर तोच प्रश्न घेऊन दुसरे देऊळ गाठू नये. तसे फिरत राहिले तर कुठेतरी उजवी पडणारच. तडजोडीची अट बदलली, समोरच्याने नवा प्रस्ताव धाडला, की प्रश्नही नवा होतो. मग खुशाल पुन्हा गाऱ्हाणे घालावे.