काढ्यानं आलेली पाळी

कापूस वेचणीचे दिवस होते. घाटंजी तालुक्यातल्या माझ्या उपकेंद्रात दुपारी दोघी बाया तिसरीला बगलेत धरून घेऊन आल्या. "सिस्टर, वावरात चक्कर येऊन पडली."

बाई तिशीतली. दोन लेकरं झाल्यावर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा तिच्यासोबत मीच गेले होते. दहा-बारा दिवसांआधी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "महिना चुकला वो, पंधरा दिवस वर झाले." मी चालता चालता म्हटलं, "ऑपरेशन झालंय न, मग कायचं भेव? रक्त कमी असंल, गोळ्या घेऊन जा." ती गोळ्या न्यायला आली नाही. गेली बुढीकडं.

बुढी म्हणजे गावची जुनी सुईण. तिचा काढा मला पाठ आहे: काळे तीळ, शेपा, गाजराचं बी, मूठभर बांबूची पानं, निम्मं पाणी आटवायचं, वरून जुना गूळ. तीन दिवस, उपाशीपोटी. लांबलेली पाळी बहुतेकदा आपसूकच येते आणि नाव काढ्याचं होतं, असं माझं मत. तीळगुळाशी माझं भांडण नाही. धास्ती वाटते ती चित्रकाच्या मुळीची आणि कळलावीच्या कंदाची. कळलावीनं माणूस दगावतो.

"पण काढा लागू पडला होता," तिची जाऊ म्हणाली. "चौथ्या दिवशी आलं न अंगावर."

"कसं?"

"थेंब थेंब. काळं. आज सहा दिवस झाले, तसंच चालू हाये."

मी पापणी खाली ओढली. आत कागदासारखं पांढरं. नाडी 124, बीपी 80/50. पोट उजवीकडं खाली हात लावू देईना. खांदाही दुखत होता; वावरात सगळ्यांनी तो वेचणीच्या ओट्याच्या भारावर ढकललेला. पोटात रक्त साचलं की दुखणं खांद्यात निघतं, हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, बघितलं तेव्हाच. जावेनं धरून तिला आत नेलं, लघवी आणली. किटवर थेंब टाकले. दोन रेघा, दुसरी फिकट.

ऑपरेशन फेल गेलं तर गर्भ नळीतच अडकायचा धोका जास्त, हे मला माहीत होतं. बाजारात आठवलं नाही.

108 ला फोन केला, दोन्ही हातांना सुया, सलाइन चालू. गाडीला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात काढ्याचा गंज मागवला, तर बुढीच तो घेऊन आली. "म्या का जहर देल्लं का वो तिले?" गंजाच्या बुडाशी गुळानं चिकटलेले तीळ होते, गाजराच्या बियांची कुसं, पानांचा चोथा. बोटानं सगळं चाळलं. मुळी नव्हती, कंद नव्हता.

जिल्ह्याला रात्रीच पोट उघडलं. उजवी नळी फुटलेली. रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. वाचली.

आठवड्यानं बुढी उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. "खरं सांग सिस्टर, माह्या काढ्यानं फुटली का नळी?"

"नाही आजी. ती फुटणारच होती. त्या थेंबांना आपण पाळी समजलो, त्यात सहा दिवस गेले."

"आपण?"

"बाजारात मला भेटली होती ती," मी म्हटलं.

बुढी काही बोलली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ते रेघायचं कागद दाखव बरं मले."