सायकलवरचं वर्ष

यंदा ग्रुपात नवीन पोरं बरीच आली, मे महिन्यात टिकली थोडीच. पारा ४५ कडे सरकला की पहाटे साडेचारलाच निघावं लागतं. आठनंतर नागपूरच्या वर्धा रोडवर डांबराची धग तोंडावर येते.

बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचं, वेड मात्र वाढलं. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणी ठिकाणांवर. पहिला-दुसरा असा नंबरच नसतो, म्हणून मला हे शर्यतीपेक्षा आवडतं. आपल्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका, देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत) एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून घरचेही फारसं टोकत नाहीत. (सासूबाई सोडून.)

पावसाळाभर रामटेक. गडाचा चढ मांड्या पिळून काढतो, मग तर्री-पोहे. वजन अर्थातच तसंच! आता ३०० चं ठरतंय. रात्रीसाठी चांगला दिवा घ्यायचाय.