कोळधेर झाला, आता पूर्वेकडचे चार

रविवारी सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी आम्ही तिघे कोळधेर किल्ल्याच्या माथ्यावर पोहोचलो. माघात एकदा आणि होळीनंतर एकदा ज्या डोंगराने आम्हाला अर्ध्या वाटेवरून परत पाठवले, तो तिसऱ्या खेपेला साधला. दिवाळी ते मृग या मुदतीत नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा डोंगररांगेच्या मुख्य धारेवरचे 17 किल्ले करण्याच्या आपल्या गटाच्या मोहिमेत माझा आकडा त्यामुळे 13 झाला आहे. हातगड आणि कण्हेरा हे किल्ले यादीत धरावेत की नाहीत, हा गटातला वाद मी येथे पुन्हा उकरत नाही.

मागच्या दोन्ही नोंदींत मी कोळधेरच्या घसाऱ्याबद्दल, म्हणजे सुट्या खडीच्या घसरत्या उताराबद्दल, लिहिले होते, परंतु तो इतका त्रास का देतो हे तेव्हा मलाच नीट उमगले नव्हते. आपल्या डोंगरांत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले असतात. त्यांतला कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, आणि दोन कड्यांमधला मऊ, सच्छिद्र थर झिजून त्याचा मुरमाड उतार होतो. इगतपुरीकडच्या डोंगरांवर पाऊस इतका असतो की झाडे आणि कारवी असे उतार मुळांनी धरून ठेवतात. कोळधेर आहे त्या चांदवडकडे पर्जन्यछायेत मात्र उतारावर गवत, निवडुंग आणि तुरळक बाभूळ यांपलीकडे फारसे काही नसते, आणि उन्हाळ्यात वणवा लागून गेला की गवताचा आधारही उरत नाही. वणव्यातून वाचलेले पिवळे गवत पाहून आपण त्यावर विश्वासाने पाय ठेवतो, ते बुडापासून उपटून येते आणि त्याखालची खडी ज्वारीच्या दाण्यांसारखी घरंगळू लागते. माघात आम्ही नेमके याच गवतावरून सरळ वर चढत होतो, आणि दोन पावले वर गेल्यावर एक पाऊल खाली येत होतो.

या वेळी उत्तर मिळाले ते राजधेरवाडीच्या एका आजींकडून. पहाटे साडेचारला त्या गोठ्यापाशी शेळ्या सोडत होत्या. आम्ही कुठे निघालो आहोत हे विचारून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, त्या पिवळ्या गवतात शिरू नका, खाली समदी खडी हाय. कड्याला चिकटून आडवं जा, शेळ्या तिकडूनच जात्यात." आम्ही त्यांचे अक्षरशः ऐकले. कड्याच्या पायथ्याशी हातभर रुंदीची, शेळ्यांच्या खुरांनी दाबून घट्ट झालेली पट्टी होती, आणि तिच्यावर लेंड्या पडलेल्या होत्या. जिथे लेंड्या ताज्या आणि भरपूर होत्या तिथे पट्टी पुढे जात होती. जिथे त्या संपल्या तिथे दहा पावलांवर वाट तुटलेली होती. दोनदा आम्ही हे पडताळून पाहिले आणि दोन्ही वेळा लेंड्यांचे म्हणणे बरोबर निघाले. डावा हात सतत कातळावर होता. पहाटेचा तो कातळ गार लागत होता, आणि दोन थरांच्या मधल्या लाल मातीने बोटे गेरूत बुडवल्यासारखी झाली होती. आम्ही गेलो त्या बाजूने दोर पिशवीतून काढावा लागला नाही, तरी कड्यालगत आडवे जाताना खाली असलेली खोली पाहता 20 मीटरचा दोर सोबत असावा, असेच मी म्हणेन.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता, आणि खरे तर मार्चमधली माघार त्यामुळेच झाली होती. तेव्हा मी नळी लावलेली पाण्याची पिशवी नेली होती. तिच्या तोंडाची झडप बसण्याच्या जागी सैल झाली आणि 3 लिटरपैकी जवळजवळ 2 लिटर पाणी पाठपिशवीत मुरले, हे मला साडेदहाला समजले. ज्या दुकानातून ती घेतली, त्याने झडप बदलून देण्यासही नकार दिला. पण त्याहून मोठा दोष त्या वस्तूतच आहे: पाठीवर असताना आत किती पाणी उरले हे दिसत नाही. या वेळी मी शीतपेयाच्या साध्या बाटल्या नेल्या, आणि उन्हाळी मोहिमांपुरता तरी मी त्यांच्याकडेच कायमचा वळलो आहे. प्रत्येक बाटलीवर ओले सुती फडके गुंडाळले. इथली हवा इतकी कोरडी असते की फडक्यातले पाणी भराभर उडते आणि बाटलीतले पाणी माठातल्यासारखे गार राहते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हीच युक्ती काहीच उपयोगाची नाही.

हिशोब असा होता. माघात मला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी पुरत होते. मे महिन्यात नऊनंतर तेच एक लिटरवर जाते. त्यामुळे माणशी 5 लिटर घेतले आणि त्यातले 2 लिटर कड्याच्या सावलीत दगडांखाली परतीसाठी ठेवले. घसाऱ्यावर पाठीवरचे 2 किलो कमी होणे म्हणजे काय, हे त्या उतारावर गेलेल्यांना वेगळे सांगायला नको. एका बाटलीत लिटरला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या प्रमाणात पाणी केले होते, आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे आले नाहीत याचे श्रेय मी त्यालाच देतो. वरच्या टाक्यात तळाशी हिरवे पाणी होते. ते आम्ही प्यायलो नाही, फडकी तेवढी भिजवून घेतली.

माथ्यावर आम्ही अर्धा तास थांबलो. पश्चिमेला कांचना किल्ल्याच्या मागे धोडप किल्ल्याची कातळभिंत आणि तिच्यातली चौकोनी खाच स्पष्ट दिसत होती. ती खाच मी नोव्हेंबरमध्ये अगदी जवळून पाहिली होती. इतक्या लांबून ती पुन्हा ओळखता आली, तेव्हा मधले सगळे महिने एकदम डोळ्यांसमोर आले आणि मला फार आनंद झाला. जवळच राजधेर होता. त्याच्या शिडीबद्दल मी जानेवारीत लिहिलेच आहे.

आता मेसणा, कात्रा, अणकाई आणि टणकाई उरले. मेसणा पुढच्या रविवारी पहाटे उरकायचा आहे. त्यानंतर कात्रा वेगळा आणि अणकाई-टणकाई शेवटी, असे ठरले होते. पण हे लिहिता लिहिता वाटते की कात्रा आणि अणकाई-टणकाई इतके जवळ असताना दोनदा उन्हात जाण्यापेक्षा वैशाखी पौर्णिमेच्या रात्री तिन्ही एकत्र करावेत. संध्याकाळी मनमाडहून निघावे, कात्रा रात्री करावा, हडबीची शेंडी हा सुळका खालूनच पाहून पुढे जावे आणि उजाडता उजाडता अणकाईवर असावे. शेंडी हे प्रस्तरारोहकांचे काम आहे, ती आपल्या यादीत नाही. रात्री माणशी 3 लिटर पाणी पुरेल, म्हणजे ओझे निम्म्याच्या जवळ येते. अडचण एवढीच की वैशाखातला पूर्ण चंद्र दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या उतारांवर कड्याची सावली पडणार आणि कात्र्याची वाट विजेरीवरच शोधावी लागणार. म्हणून मेसणा उतरल्यावर त्याच दुपारी कात्र्याच्या पायथ्याशी जाऊन वाटेचा पहिला टप्पा उजेडात पाहून ठेवावा, असे आता ठरवतो आहे. परत येताना अणकाई स्थानकावरून गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर मनमाडपर्यंत रिक्षा करू.

पौर्णिमेला ज्यांना यायचे आहे त्यांनी गुरुवारपर्यंत सांगावे. डोक्यावर बांधायची एक जास्तीची विजेरी कोणाकडे असेल तर तीही हवी आहे, कारण माझ्या विजेरीचा पट्टा कोळधेरवर तुटला आणि ती मी अर्धा रस्ता दातांत धरून आणली.