कार्पेटमध्ये पडलेला दिवा

रविवारी दुपारी मसालेभात जरा जास्तच झाला होता, आणि पोट असं भरलेलं असताना बारीक काम करायला बसू नये हे मला चांगलं माहीत आहे, तरी बसलो. चिमट्यात मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचा पुढचा दिवा धरला, मागे सुपरग्लूचा ठिपका लावला आणि दिवा उडाला. चिमट्यातून सुटलेली वस्तू खाली पडत नाही, ती बाजूला जाते, कॅरमच्या सोंगटीसारखी, मग कुठूनतरी ‘टिक्’ असा आवाज येतो आणि तो नेमका कुठून आला यावर आपली उरलेली दुपार ठरते. दिवा केवढा तर भिजलेल्या साबुदाण्याएवढा. रंग पितळी. आणि आमच्या कार्पेटचा रंगही, घर घेतलं तेव्हापासून, नेमका तोच.

मग नेहमीचं सुरू. पडदे ओढायचे, लाइट बंद करायचे, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायचा म्हणजे जे काही पडलंय त्याची लांब सावली पडते, आणि आपण गाल कार्पेटला लावून, एक डोळा मिटून बघत राहायचं. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. पूर्वी विचारायची. तासाभरात सापडलेल्या वस्तू: दोन टिकल्या, एक हरभऱ्याची डाळ, मुलीच्या लहानपणीचा एक मणी, आणि पेसर नावाच्या मॉडेल गाडीचं एक कपलिंग, म्हणजे डबे जोडायचा आकडा, जे मी तीन वर्षांपूर्वी शोधून शोधून सोडून दिलं होतं आणि मग दुसरं मागवलं होतं. दिवा नाही.

आता पेसरबद्दल. आम्ही इंग्लंडात लीड्सच्या वरच्या अंगाला हॉर्सफर्थमध्ये राहतो. 2004 ला इथे नोकरी लागली तेव्हा सकाळी स्टेशनात जी गाडी आली ती बघून मला वाटलं पीएमटीची बस रुळावर चढली. आणि ते फार चूक नव्हतं, ब्रिटिश रेल्वेने ऐंशीच्या दशकात पैसे नव्हते म्हणून खरोखरच बसच्या धाटणीची बॉडी घेऊन ती मालडब्यासारख्या चौकटीवर बसवली, एका डब्याला दोनच अ‍ॅक्सल, चार चाकं, झाली पेसर गाडी. लंडनहून निघणाऱ्या भारी गाड्या वेगळ्या आणि ह्या गावोगावच्या उपेक्षित लाइनी वेगळ्या, त्यांचं खातं आधी प्रोव्हिन्शियल म्हणायचे, नंतर नाव बदलून रीजनल रेल्वेज केलं, पण उपेक्षा तीच. वळणावर चाकं अशी किंचाळायची की फोनवर बोलणारा आपोआप गप्प व्हायचा. हेडिंग्ली, बर्ली पार्क, लीड्स. माणसं शिव्या घालायची, मीही घालायचो, पावसात दारातून पाणी यायचं, हिवाळ्यात हीटर एकतर बंद नाहीतर थेट पोटऱ्या भाजणारा.

आणि 2020 मध्ये त्या आमच्याकडून गेल्या तेव्हा लॉकडाऊनमुळे धड निरोपही देता आला नाही. काही भंगारात, काही हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेंवर, एक हॉस्पिटलला दिली, एक ब्रॅडफर्डच्या प्राथमिक शाळेला. मी घरी बसून मॉडेल मागवलं.

तिथून हे सुरू झालं. माझा नियम एकच, प्रसिद्ध इंजिन घ्यायचं नाही. फ्लाइंग स्कॉट्समन वगैरे ज्यांना घ्यायचंय त्यांनी घ्यावं, देखणं आहे, वाद नाही, पण त्याच्याशी माझी ओळख नाही. मी ज्यात बसलोय तेच घेणार. म्हणून माझ्या शेल्फवर पेसर आहेत, स्प्रिंटर गाड्या आहेत, आणि एक क्लास 153 आहे जिच्यावर माझा विशेष जीव, कारण ती मुळात दोन डब्यांची गाडी होती आणि 1991-92 च्या सुमारास ती मधोमध तोडून प्रत्येक डब्याची वेगळी गाडी केली. आता तोडलेल्या बाजूला ड्रायव्हरची केबिन कुठून आणणार, तर होती त्या जागेतच कोंबली, इतकी अरुंद की उंच ड्रायव्हरने कुठल्या टोकाला आपली पाळी येते हे देवावर सोपवायचं. जोशी कुटुंबाने वाडा वाटून घेतल्यावर मोरीचं स्वयंपाकघर होतं ना, तसं. मॉडेल एका बाजूने बघा, नंतर दुसऱ्या. फरक दिसतो, आणि का कोण जाणे मला बरं वाटतं.

(किंमत विचारू नका. बायकोला पौंडात सांगतो, आईला रुपयात सांगायची वेळ येऊ देत नाही.)

एक दुखणं मात्र आहे आणि ते ह्या नादातल्या सगळ्यांचं आहे, फक्त कुणी तोंडावर बोलत नाही. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते ओओ गेज. त्यात खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर, साधारण 76 पट लहान. त्या हिशोबाने खऱ्या 1435 मिलिमीटरच्या रुळांमधलं अंतर 18.83 मिलिमीटर यायला हवं. आणि असतं 16.5. का, तर युरोपात फुटाला साडेतीन मिलिमीटर असा हिशोब होता आणि त्याला 16.5 बरोबर बसतं, पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने बारीक, इथले पूल आणि बोगदे ठेंगणे ना, मग त्या काळची मोटर त्या पिटुकल्या अंगात मावेना. म्हणून ह्यांनी वरचं अंग वाढवलं आणि खालचे रूळ होते तेच ठेवले. थोरल्याच्या अंगात धाकट्याची चड्डी. खऱ्या मापात बघितलं तर अठरा सेंटिमीटर गेले. बाजूने बघितलं तर काही कळत नाही. समोरून बघितलं की कळतं, आणि एकदा कळलं की मग दुसरं काही दिसतच नाही. म्हणून मी माझी एकही गाडी समोरून ठेवत नाही. सगळ्या आडव्या, कडेने. पाहुण्यांपैकी कोणी मान वाकडी करून समोरून बघायला लागला की मी चहा घेणार का विचारतो.

ह्या सगळ्यात एकच इंजिन मला समोर तोंड करून ठेवायचं होतं, आणि त्याचाच दिवा गेला.

हे इंजिन मात्र नियम मोडून घेतलंय, कारण त्यात मी बसलेलो नाही, बसणं शक्यही नाही. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक नॅरोगेज होती, 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद, जेमतेम सव्वाआठ मैल, एका खेड्यातून निघायची आणि दुसऱ्या खेड्यात संपायची, मुख्य धंदा दूध. आता तिथे रूळ नाहीत, चालायची वाट आहे, मी दोनदा चाललोय. इंजिनं दोनच, एकाचं नाव जे. बी. अर्ल, दुसऱ्याचं ई. आर. कॅलथ्रॉप. डबे फिकट पिवळे. आणि इंजिनाच्या कपाळावर हा एवढा मोठा दिवा, जसा इंग्लंडातल्या इंजिनांना नसतो. त्या हिरव्यागार दरीत, कुंपणाच्या आत नीट चरणाऱ्या मेंढ्यांमधून, ते इंजिन जुन्या फोटोत असं दिसतं की हे चुकून इकडे आलंय, ह्याला बाभळी पाहिजेत.

बाभळीच पाहिजेत. कारण हा जो कॅलथ्रॉप, ह्या लाइनीचा इंजिनिअर, तो आधी आपल्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होता आणि त्यानेच बार्शी लाइट रेल्वे काढली. मॅनिफोल्ड ही बार्शीची धाकटी बहीण. (माणूस अजब. पुढे पॅराशूट केलं, अरबी घोडे पाळले.) अडीच फुटी गेज दोन्हीकडे. त्याचं डोकं असं की इंजिन असो की डबा, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांच्या वर भार पडता कामा नये, म्हणजे हलके रूळ चालतात, म्हणजे गरीब मुलखातही गाडी नेता येते.

माझं आजोळ बार्शीचं. बार्शी तिथे सरशी. मे महिन्यात आम्ही पुण्याहून निघायचो, कुर्डुवाडीला उतरायचो, आणि मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत सामान हलवताना आई दर वेळी पाण्याचा तांब्या विसरायची. त्या गाडीबद्दल लोक एकच गोष्ट सांगतात, की चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येतं. ज्याला विचारावं त्याच्या काकाने केलेलं असतं. मी आठ-नऊ उन्हाळे त्या गाडीत बसलो, एकदाही कोणाला करताना बघितलं नाही. हळू होती, पण इतकीही नाही, आणि ही गोष्ट कोणी लग्नाकार्यात सांगायला लागलं की मला उगाच राग येतो.

मामा कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये होता आणि संध्याकाळच्या गाडीने घरी यायचा. आजोबा मला घेऊन स्टेशनवर जायचे. बाकावर बसायचे, उपरण्याने वारा घ्यायचे, बोलायचे काही नाही. सपाट मुलूख, त्यामुळे अंधार पडायला लागला की लांबवर एक पिवळा ठिपका दिसायचा, आवाज वगैरे काही नाही, नुसता ठिपका, आणि तो हलतोय की नाही हेही कळायचं नाही. आजोबा म्हणायचे, “दिवा दिसला. पळ, आजीला सांग चहा टाक म्हणावं.” मी पळत घरी. घर दोन गल्ल्या पलीकडे. निरोप द्यायचा, आजी फडताळातून पातेलं काढायची, मी ओट्यावरची एक कैरीची फोड उचलायचो आणि पळत परत. आणि दिवा तिथेच. थोडा मोठा झालेला. आजोबांच्या शेजारी बसून धापा टाकायच्या, धापा संपायच्या, मग कुठे रुळांत काहीतरी कुजबुज सुरू व्हायची, आणि मग एकदम इंजिन, सगळं अंगावर, वाफ, कोळशाचा वास, आणि तो दिवा आपल्या डोक्याच्या वरून निघून जायचा. मामा उतरायचा, हात तेलकट, मला डोक्याला हात लावू द्यायचा नाही आणि स्वतः मात्र माझ्या डोक्याला लावायचा. आजी ओरडायची. आईही.

हे सगळं मी इथे आलो तेव्हा डोक्यात नव्हतं. बऱ्याच वर्षांनी लायब्ररीत कॅलथ्रॉपबद्दल वाचताना एका ओळीवर थांबलो. बार्शीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली, इथपर्यंत ठीक, अर्ध्या जगाची इंजिनं लीड्सने बांधलीत. पण बोटीवर चढवण्याआधी ती सगळी गाडी लोकांना दाखवायला आणि तपासून बघायला एक खास छोटी लाइन टाकली होती, कुठे, तर न्यूलेला. न्यूले म्हणजे आमच्या घरापासून उतारावर, चालत वीस-पंचवीस मिनिटं. मी तिथे दर शनिवारी मुलीला घेऊन नदीवर बदकं बघायला जायचो. पाव न्यायचो.

पुस्तक तिथेच ठेवलं आणि गेलो. एअर नदी, जुना लोखंडी पूल, झाडी, पलीकडून स्किप्टनकडे जाणारी विजेची गाडी सुळकन गेली. न्यूलेचं स्टेशनही 1965 सालीच बंद झालंय. बघण्यासारखं काही नाही आणि काय बघायचं हेही ठरवलं नव्हतं. एक बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, त्यांना सांगावंसं वाटलं की बाई, आमच्या बार्शीची गाडी पहिल्यांदा इथे चालली. हवा छान आहे नाही, असं म्हणालो. त्या हो म्हणाल्या. नव्हती.

त्या आठवड्यात किट मागवलं. बार्शीच्या इंजिनाचं मला कुठे मिळालं नाही, मॅनिफोल्डचं मिळालं, पितळेच्या पातळ पत्र्यातून एकेक तुकडा कापून, वाकवून, झाळायचा. दोन हिवाळे गेले. आणि ह्यातही ते दुखणं आहेच बरं का, 762 मिलिमीटरचं गेज, 76 ने भागलं की दहा मिलिमीटर, इतकं सरळ गणित, आणि ह्या लोकांनी रूळ ठेवलेत नऊचे, कारण ते दुसऱ्या कुठल्यातरी मापाचे तयार मिळतात. म्हणजे धाकट्या बहिणीचेही तीन इंच कापले. पण हे समोरून बघितलं तर मला टोचत नाही. दिवाच दिसतो. म्हणजे दिसला असता.

व्हॅक्यूमच्या नळीला पायमोजा बांधूनही फिरवून झालं. मोज्याला केस, धूळ, तिसरी टिकली. शेवटी इंजिन तसंच शेल्फवर ठेवलं, समोर तोंड करून, कपाळावर सुपरग्लूचा एक वाळलेला ठिपका, आणि त्याचा फोटो काढून मामाला व्हॉट्सअ‍ॅप केला. मामा आता ऐंशीला टेकलाय, टाइप करत नाही, बोलून पाठवतो. त्याला खूप लिहिलं होतं मी, न्यूलेचं, नदीचं, किटसनचं, लांबलचक.

रात्री उशिरा त्याचा आवाज आला, सात सेकंदांचा. मागे टीव्ही चालू.

“बरंय. पण दिवा कुठाय रे ह्याचा?”

शोधतोय म्हटलं.