जिन्यालगतची अर्धी भिंत

काल रात्री साडेअकराला उठून भिंतीला परत एकदा हात लावून आले. हलत नाही!

वरच्या मजल्यावर जिन्याच्या कडेला कठडा होता, त्याच्या काठ्या खिळखिळ्या झालेल्या आणि लेक आता दीड वर्षाची, दिसेल त्या फटीत डोकं घालते. म्हणून कठडा काढून अर्धी भिंत घालायची ठरवलं, पोनी वॉल म्हणतात इथे अमेरिकेत, कोलंबसमधे. मजुरीचा आकडा ऐकला आणि ठरवलं आपणच करायचं. इथे सगळेच करतात, त्यात कमीपणा नाही, हे आईला तीनदा सांगून झालंय.

आता टू बाय फोरबद्दल, म्हणजे चौकटीसाठी मिळणाऱ्या लाकडाच्या पट्टीबद्दल, बोलायलाच हवं कारण माझा राग अजून गेलेला नाही. दुकानात ज्याला टू बाय फोर म्हणतात ते दोन बाय चार इंच नसतंच, दीड बाय साडेतीन असतं! म्हणे ओलं असताना त्या मापाचं कापतात, मग वाळवून, रंधून कमी होतं. बरं, मग नाव बदला ना. मी ३४ इंचाचे सहा स्टड, म्हणजे चौकटीतले उभे दांडे, कापले, वरची नि खालची प्लेट, म्हणजे आडव्या पट्ट्या, दोन-दोन इंचाची धरून ३८ इंच व्हायला हवे होते, झाले ३७. नियम किमान ३६ चा आहे म्हणून निभावलं. आपल्याकडे वखारीत कोणी असं माप दिलं असतं तर तिथेच भांडण झालं असतं.

पण १६ इंचाचं गणित मात्र मला मनापासून आवडलं. दर १६ इंचाला एक स्टड, टेपवरसुद्धा तिथे लाल खूण, आणि ड्रायवॉलचा, म्हणजे चौकटीवर ठोकायच्या जिप्समच्या पातळ फळीचा, तक्ता ४ फुटी म्हणजे ४८ इंच, त्यामुळे त्याची कड बरोबर स्टडच्या मधोमध येते. सगळं एकमेकांत बसतं.

चौकट उभी केली, पाणसळ लावली, गुण्याने कोपरे बघितले, सगळं सरळ. आणि मोकळ्या टोकाला हात लावला तर भिंत डुलते. एक टोक जुन्या भिंतीला धरलेलं, दुसऱ्याला धरायला काहीच नाही, वर छतापर्यंत जात नाही ना. मी अजून स्क्रू मारले, काही उपयोग नाही. रडू आलं खरं सांगते, कारण लेक त्याच टोकाला जाऊन टेकणार.

शेजारचे आजोबा आयुष्यभर सुतारकाम केलेले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले जमीन उघडावी लागेल. नुसतं प्लायवर स्क्रू मारून भागत नाही, टोकाचा खांब जमिनीतून खाली नेऊन जॉइस्टला, म्हणजे खालच्या तुळयांना, बोल्टने आवळायचा आणि बाजूंनी लाकडाचे ठोकळे घट्ट बसवायचे. शनिवारचा अख्खा दिवस ते माझ्याबरोबर गुडघ्यावर होते. पैसे घेतले नाहीत, पोहे मात्र दोनदा घेतले. शेवटी सगळा भार टाकून रेलले, कारण कठड्याच्या वरच्या कडेने २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो, सोसले पाहिजेत असा इथला नियम.

बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाले, "अगं, काड्यांची भिंत ती, वीट लावायची." मग मी पण म्हटलं, बाबा, वाईचा आपला वाडा कशावर उभा आहे? खांब आणि तुळया, सगळा भार लाकडावर, आणि खोलीसुद्धा तुम्ही खणांतच मोजता, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. माझे खण १६ इंचांचे, एवढंच. त्यावर ते जरा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "खांब किती खाली नेलास?"

मग कॅमेरा खाली धरून त्यांना एकेक बोल्ट दाखवला. ड्रायवॉल पुढच्या शनिवारी.