रेड अलर्ट आणि साबुदाणा

परवा दुपारी गंजगोलाईतल्या एका किराणा दुकानात माझ्या पुढच्या काकूंनी यादी वाचायला घेतली. मेणबत्त्यांचे चार पुडे, काडेपेट्या, टॉर्चचे सेल, आणि मग आवाज जरा खाली आणून, "दोन किलो साबुदाणा." हवामान खात्यानं लातूर जिल्ह्याला रेड अलर्ट दिला होता आणि नवरात्र चालू होतं. आभाळ फाटलं तरी उपास मोडायला नको.

"मेणबत्त्या संपल्यात बघा," दुकानदार म्हणाला. "सकाळपासनं निस्तं मेणबत्त्याच मागायलेत लोकं. ज्याच्या घरी इन्व्हर्टर हाय, त्योबी."

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा, असं ते रंगांचं गणित आहे. आमच्याकडं तिन्हींचा अर्थ एकच, दुकान गाठा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या दुपारी सोळाही रस्त्यांनी पिशव्याच येत होत्या.

मला अशा रांगा मनापासून आवडतात. घाबरलेला माणूस काय विकत घेतो, हे बघायला कुणी तिकीट लावलं तरी मी जाईन. एकानं अडीच किलो फरसाण घेतलं. "लाइट गेल्यावर पोरांनी करायचं काय?" एकानं केस काळे करायची पुडी घेतली, त्याचा वादळाशी संबंध मला अजून लागलेला नाही. 2024 च्या जानेवारीत ट्रकवाल्यांचा संप झाला, तेव्हा आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी पंपावर रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे होते. त्यांची स्कूटर पेन्शनपुरती बँकेत जाते आणि परत येते. संप दुसऱ्या रात्री मिटला, गुरुजींचं पेट्रोल होळीपर्यंत पुरलं.

पण खरी गंमत पाण्याची. धो धो पाऊस येणार अशी बातमी आली की लातूरकर आधी काय करतो, तर घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतो. पिंप, बादल्या, हंडे, तांबे, परवा तर शेजारच्या वहिनींनी इडलीपात्रसुद्धा सोडलं नाही. जारवाल्याचा फोन लागत नव्हता. "लाइट गेली की मोटर बंद, मग काय करायचं?" हे कारण सगळे देतात आणि ते खोटंही नाही. तरी मला वाटतं, मोटर हे निमित्त. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून 144 कलम लावलं होतं. ते बघितलेल्या माणसाला तुम्ही वादळ दाखवा, युद्ध दाखवा, तो नळाकडंच धावणार.

आजीचंही तेच होतं, फक्त तिचा दुष्काळ बहात्तरचा. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही सगळे अंगणात झोपायचो. रोज संध्याकाळी नवी आवई यायची, आज रात्री साडेबाराला येणार, आज नक्की. बाजारात टॉर्च मिळेना, प्लॅस्टिकचा कागद मिळेना. आम्हा पोरांची चैन होती. शाळा नाही आणि चांदण्यात गोधड्या. आजी मात्र निजायच्या आधी उशाशी पाण्यानं भरलेली कळशी आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी ठेवायची. वडील एकदा चिडून म्हणाले, "अगं आई, भूकंपात पाण्याचं काय काम?" आजी म्हणाली, "आन् न्हाई आला, तर तहान लागणार न्हाई व्हय?"

रात्री कधीतरी मीच ते पाणी प्यायचो. कळशीचं पाणी काय गार लागायचं!

किल्लारीला कुणी अलर्ट दिला नव्हता. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते.

वादळं आमच्यापर्यंत पोचतात ती धापा टाकतच, पण पोचतात. 2021 च्या सप्टेंबरात 'गुलाब' चक्रीवादळ तिकडं आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा उरलासुरला पाऊस मराठवाड्यावर सांडला. मांजरा धरणाची 18 च्या 18 दारं उघडावी लागली. मिरजेहून पाणी आणायची पाळी आली ती हेच धरण कोरडं पडलं म्हणून.

तर त्या दुपारी मेणबत्त्या नाहीत म्हणून मी पुढं निघालो. ताडपत्रीच्या दुकानापुढं वेगळी रांग होती. तिथं कुणी यादी वाचत नव्हतं आणि फारसं कुणी बोलतही नव्हतं. सोयाबीन काढून बनीम, म्हणजे गंजी, लावलेली, मळणीयंत्राचा नंबर यायचा बाकी. भिजलं की शेंगांतच मोड येतात, दाणा काळा पडतो, आणि अडतीवर मूठभर दाणे हातात घेऊन ओल बघतात ती वेगळीच. माझ्याशेजारच्या माणसानं तीस बाय चाळीसची मागितली. दुकानदारानं सांगितलेला भाव ऐकून त्यानं खिशातल्या नोटा पुन्हा मोजल्या आणि म्हणाला, "मंग अठरा बाय चोवीसची द्या. वरून झाकलं तरी बास."

पाऊस त्या रात्री शहरात आलाच नाही. उदगीरकडं मरणाचा पडला म्हणे. त्या माणसाचं गाव कुठलं, हे मी विचारलं नव्हतं.